अपडेट चालू आहे, बेल वाजवू नये

म्हसरूळच्या आमच्या गल्लीत एका दारावर अधूनमधून पाटी लटकते : ‘अपडेट चालू आहे. बेल वाजवू नये.’ हे भास्करकाकांचं घर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस साहेबांना कधी घाबरला नाही, पण घरातल्या कॉम्प्युटरला घाबरतो. अपडेट सुरू झालं की काका पंखा बंद करतात, फोन उशीखाली ठेवतात आणि कुजबुजत बोलतात. एकदा तर शेजारच्या काकूंना, चटणी जरा उशिरा वाटा, असं सांगून आले. मिक्सरने वीज हलते म्हणे. तेव्हापासून त्या काकू मिक्सर लावण्याआधी भिंतीपलीकडून मुद्दाम परवानगी मागतात, आणि काका ती गंभीरपणे देतात.

नांदगावहून मी शिकायला आलो, तेव्हा काकांनी मला वरची खोली दिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. माउस मी पहिल्यांदा धरला तो काकांच्या टेबलावर. आता मला नोकरी आहे, याच गल्लीत वेगळा राहतो, आणि त्या मशीनचा डॉक्टर मीच. खरं सांगतो, त्याला हात लावताना मलाही घाम फुटतो.

परवा रविवारी सकाळीच फोन आला. “दिनेश, लवकर ये. पण पळत येऊ नको.”

गेलो तर काका टेबलापासून चार हात लांब उभे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, अपडेट झाला होता आणि स्क्रीन बिघडली होती. अक्षरं जाडजूड, आयकॉन फुगलेले, स्क्रीनवर मागे लावलेला काकींचा फोटो आडवा ताणलेला. काकी आता नाहीत. त्यांचे सगळे फोटो याच मशीनमध्ये आहेत.

“आतलं काही गेलं नाही ना रे?”

नाही म्हटलं, फक्त रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचं माप, बदललंय. फोल्डर उघडून दाखवला. तरी त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

मी जुना ड्रायव्हर परत टाकला. स्क्रीन काळी झाली. “गेलं,” असं पुटपुटून काका भिंतीला टेकले. मग स्क्रीन उजळली, पण तशीच ताणलेली. मात्र आता रिझोल्यूशनच्या यादीत योग्य आकडे दिसत होते. ते निवडल्याबरोबर सगळं जागेवर बसलं. फोटोतल्या काकीही मूळच्या झाल्या : गाल आत गेलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. मी त्यांना पाहिलं ते असंच, आजारपणात.

मधोमध चौकट आली : हे बदल ठेवायचे का? काही सेकंदांत होकार दिला नाही, तर स्क्रीन आपोआप आधीसारखी होते. मी होकारावर माउस नेला, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

“थांब. दाबू नको.”

सेकंद संपले. स्क्रीन लुकलुकली आणि पुन्हा ताणली गेली. काकींचे गाल भरून आले.

“आजाराच्या आधी अशीच होती बघ ती,” काका म्हणाले. “राहू दे.”

“अक्षरं वेडीवाकडी दिसतील, काका.”

“दिसू दे. वाचेन मी.”