आर्वो पुरानेन यांची वीजदरावरील स्वारी

समस्त उबदार व कुडकुडत्या मंडळींस विदित व्हावे. फिनलंड मुलखी, कुओपिओ शहराबाहेर, राजमान्य राजश्री आर्वो पुरानेन, पेन्शनीत निघालेले बसचालक, यांणी घर तापविणारी जुनी तेलभट्टी मोडिली आणि उष्णतापंप नामे यंत्र भिंतीस जडविले. यंत्र थोडकी वीज खाई आणि बाहेरील गार हवेतून ऊब ओढोन आणी. आर्वोंस बहुत गर्व जाहला की आता खर्च निम्मा. मग थंडी ऐसी चालोन आली की पारा उणे तिसाखाली गेला आणि यंत्र दमोन दुप्पट वीज मागो लागले, आणि वीजदर, जो तेथे तासागणिक फिरे, तो गगनास भिडला.

आर्वोंनी मोबाइलात भाव पाहिला. मग फर्मान सुटले जे, दर चढता यंत्र बंद, उतरता चालू, मधल्या समयी लोकरी मोजे हेच चिलखत. त्यांच्या पत्नी हिल्क्काबाई यांणी प्रथम हातमोजे घालोन वाटाण्याचे सार प्राशन केले, आणि मग एके संध्याकाळी बॅग भरोन दारी उभ्या ठाकल्या.

"मी इर्माकडे चालले," बाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीकडे ऊब भाड्यातच येते. खिडकी उघडी टाकून बसते ती."

"अगं, जरा वेळानं भाव पडतोय. तोवर कोट घाल."

"घातलाय. त्यावर तुझाही घातलाय."

आर्वोंनी निरखोन पाहिले, तो खरेच. मग त्यांचे चित्ती वीजदर आणि संसार यांचे तुंबळ युद्ध माजले. अखेर, दिवसातील सर्वांत महाग समयी, डोळे गच्च मिटोन, त्यांणी खासे जातीने यंत्र चालू केले.

बाईंनी बॅग खाली ठेविली. "आणि उद्या?"

"उद्या मला भाव दिसायलाच नको. मोबाइल तू ठेव."

मोबाइल तात्काळ जप्त जाहला. घर तापले, आणि बाईंनी पहिला कोट उतरविला, तो आर्वोंचा.

येणेप्रमाणे राजश्री आर्वोंनी वीजदर जेर केला, म्हणजे तो पाहणे सोडिले. पुढे थंडी हटली, वारा सुटला, पवनचक्क्या गरगरा फिरल्या आणि भाव कवडीमोल जाहला. परंतु हे वर्तमान विजयी वीरांस कोणी कळविले नाही, सबब ते एकाच दिव्याखाली, काटकसरीने, बहुत दिवस विजय भोगीत बसले.