रायाजी निकमांची चतुर्दशी

आमच्या शेजारच्या निकम भाऊजींनी एकदा गच्चीवर कावळ्याला विचारलं, "पायदळ की घोडदळ?" मी शेजारीच वड्यांचं ताट धरून उभी होते, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही.

पितृपक्ष होता. दोन पत्रावळी मांडल्या होत्या. डावी पायदळाची, उजवी घोडदळाची. पणजोबा रायाजी निकम ज्या दळात होते, त्या पानाला कावळा शिवणार, असा भाऊजींचा हिशेब. कावळ्याने डावीकडचा वडा उचलला आणि उजवीकडे जाऊन खाल्ला.

"बढती मिळाली!" भाऊजी ओरडले. "वहिनी, पायदळातून घोडदळात घेतलं त्यांना!"

"तिकडे खीर जास्त पडलीय," मी म्हटलं. कोण ऐकतंय!

भाऊजी विजेच्या ऑफिसात कारकून. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. नाशिकरोडच्या आमच्या चाळीत त्यांची खोली भिंतीला भिंत लावून. कुठल्याही गोष्टीला "पुरावा काय?" विचारायची खोड. दूध नासलंय म्हटलं तरी पुरावा. माझी आमटी खारट झाली की मात्र पुरावा लागत नसे.

रायाजीबद्दल त्यांच्या घरात एकच वाक्य चालत आलं होतं: सत्तावन्नच्या बंडात गेला, तो परत आला नाही. कधी वारला, कुणालाच ठाऊक नाही. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं पान सर्वपित्री अमावस्येला, आणि तेच भाऊजींना सहन होत नसे. "त्या गर्दीत माझा शिपाई धक्के खाणार?" शस्त्राने गेलेल्यांना आदल्या दिवशीची चतुर्दशी मिळते. पण त्यासाठी रायाजी लढाईतच पडला, हे कळायला हवं.

म्हणून एका रविवारी इस्त्रीचा कोट चढवून ते देवळाली कॅम्पात गेले. बंडवाल्याची नोंद लष्करात कशी असेल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "फरारी म्हणून तरी असेल!" फाटकावरच्या जवानाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दादाजी को बोलो, पेन्शन का कागज लेके खुद आ जाएँ."

"वो गुजर गए."

"कब?"

"अहो, तेच तर शोधतोय!"

शेवटी नांदगावची म्हातारी आत्या उरली. तिच्याकडे जाताना साक्षीदार म्हणून भाऊजींनी मलाही पॅसेंजरमध्ये बसवलं. आत्या शेंगा सोलत होती.

"रायाजी व्हय? कसलं बंड न् कसलं काय! बायकोशी भांडून गेला तो. भाकर करपली म्हून."

"पण आत्या, लढाईत..."

"आसंल बी. मला काय म्हाईत? रागीट लय व्हता."

परतीच्या गाडीत भाऊजी पुरावा मागायचेही विसरले. त्या वर्षी पितृपक्ष लागला तरी गच्चीवर पत्रावळ दिसेना. चतुर्दशीला सकाळी मीच कढई ठेवली आणि भिंतीवर मूठ आपटून त्यांना बोलावलं.

"कशाला, वहिनी? भाकरीवरून गेलेला माणूस."

"भाकरीवरून गेलेल्याला गोळी लागत नाही का? तेल तापलंय. पान मांडा."

मांडलं त्यांनी. या खेपेला एकच. कावळ्याला काही विचारलं नाही. वडा नीट मधोमध ठेवून हळूच म्हणाले, "मी आहे तोवर ह्याला चतुर्दशी. माझ्यामागे ह्याला अमावस्यासुद्धा नाही. आणि मला..." एकदम खिरीत साखर कमी असल्याचं त्यांना आठवलं. साखर बरोबर होती, पण मी चमचाभर आणखी घातली.

भाऊजी गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. पितृपक्षात आमच्या घरी दोन पानं जास्त होतात: तृतीयेला भाऊजींचं, चतुर्दशीला रायाजीचं. यंदा नव्या सुनेने विचारलं, "आई, हे रायाजी आपले कोण लागतात?"

"शेजाऱ्यांचे पणजोबा," मी म्हटलं. "डाळ जरा बारीक वाट."