वासुदेवरावांच्या पंचाहत्तरीची फुलपाखरं

फुलपाखरांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या देवळी गावात नव्हता! हे मत फक्त माझंच होतं, पण ठाम होतं.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. इथल्या एका शाळेत मी तीन वर्षं विज्ञान शिकवत होतो, तेही हंगामी. मला कायम करण्याचा कागद संस्थेचे अध्यक्ष वासुदेवराव यांच्या टेबलावर सहीवाचून पडला होता. ऑक्टोबरात त्यांची पंचाहत्तरी आली. मी हेडमास्तरांना सांगून टाकलं, "फीत कापणं जुनं झालं सर! अध्यक्ष खोक्याचं झाकण उघडतील आणि फुलपाखरं उडतील. बाकी माझ्यावर सोडा!"

त्यांनी सोडलं.

शाळेचा शिपाई कवडू आवारातल्या लिंबोणीवरून चार अळ्या घेऊन आला. काळपट, वर पांढरे डाग. थेट चिमणीची शीट!

"मास्तर, याइचेच फुलपाखरं होतेत. मी दरसाल पाह्यतो."

"अरे, अध्यक्षांची पंचाहत्तरी आहे! फेक ते."

"फेकू काऊन? झाडावर ठेवून येतो मंग."

माझ्या अळ्या तिळाच्या शेतातल्या. बोटाएवढ्या जाड, पोपटी, अंगावर निळे-पिवळे तिरपे पट्टे! माती भरलेल्या चहाच्या खोक्यात मी त्या जावयासारख्या पोसल्या. पोट भरल्यावर त्या मातीत शिरल्या. पंचाहत्तरीच्या सकाळी आत फडफड ऐकू आली. उघडून बघायचा फार मोह झाला, पण उडून गेली तर? खोक्याला रंगीत कागद चिकटवला आणि शाळेच्या आवारातल्या मांडवात नेलं.

"आता," मी माइकवर म्हणालो, "अध्यक्षांच्या आयुष्यासारखंच रंगीत दृश्य!"

वासुदेवरावांनी झाकण उघडलं. आतून चिमणीएवढा काळा पतंग निघाला, त्यांच्या छातीवर बसला आणि ओरडला. हो, ओरडला! "चीं!" त्याच्या पाठीवर पिवळी कवटी होती. डोळ्यांच्या खोबणींसकट!

"अवं माय!" अध्यक्षांच्या पत्नी रुख्माबाई खुर्चीतून उठल्याच. "पंचाहत्तरीले कवटी? कोनं काढली हे?"

"काकू, काढलेली नाही. जन्मजातच असते..."

"जन्मजात! आमाले येडं समजून राह्यले का मास्तर?"

दुसरा पतंग हारावर बसला. हेडमास्तर माझ्यापासून दोन खुर्च्या लांब सरकले. वासुदेवराव मात्र छातीकडे बघत हळूच म्हणाले, "मले घरी घेऊन चला. अन् टेबलावरचे सारे कागद काढा."

मांडवाबाहेर लिंबोणीवर काळी-पिवळी फुलपाखरं भिरभिरत होती. मोजून चार. कवडू तिकडे बघत होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही, हे त्याचे उपकार.

नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो होतो. चार दिवसांनी कवडू लिफाफा घेऊन आला.

"मास्तर, पेढे काढा! अध्यक्षायनं त्या दिवशी भेवानं सारेच कागद उरकले. मृत्युपत्र बी, अन् तुमचा कागद बी!"

मी लिफाफा फोडला. कायम! खाली सही! आणि सहीखाली अध्यक्षांच्या हातचा शेरा: 'कवटी हुबेहूब काढली. विज्ञान यथातथाच. चित्रकलेवर नेमावे.'

त्याला आता नऊ वर्षं झाली. सरळ रेघ मला अजून येत नाही.