सात सोडल्या, आठ आल्या

कोंबड्यांतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या वरसे गावात कुणाला कळत नाय! तीन महिने मोबाईलवर व्हिडिओ बघितलेत, थट्टा नाय. हमरापूरच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावईबापू, आमच्याकडची एक न्या." मी साफ सांगितलं, "नको! वाण बिघडेल." रोह्याहून सात काळ्याभोर कोंबड्या आणल्या आणि परवा सकाळी पहिल्यांदा मोकळ्या सोडल्या.

"मुंगूस नेईल हो एखादी," बायको म्हणाली. रंभा नुकतीच टायफॉइडमधून उठलेली, आवाजात जीव नाय.

"एक पण कमी होणार नाय!" मी छाती ठोकली.

झालीच नाय. एक वाढली!

दिवेलागणीला दाणे टाकून मोजल्या. सात. आणि कुंपणाशी आठवी! तीही काळी. दाण्याकडे बघेना, मान हलवेना, हूं नाय की चूं नाय. माझ्या सातही दाणे सोडून तिच्याभोवती गप उभ्या. बॅटरी मारली. कपाळावर लालभडक टिळा, आणि नखं सोनेरी!

उतारा! आजाऱ्यावरून ओवाळून वेशीवर सोडलेली कोंबडी. ती ज्याच्या दारात जाईल तिथं दुखणं नेते, असं आमच्याकडे म्हणतात. मी कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाय. पण तेवढ्यात आत रंभा खोकली. मला माझी नाय, तिची भीती वाटली.

"मोजल्यात का हो?" आतून रंभा.

"सात! बरोब्बर सात!"

"नीट मोजा की!" म्हणाली आणि खुदकन हसली. या वेळी हसायचं काय कारण? माझ्या अंगावर काटा आला.

पहाटे ती उठायच्या आत आठवीला पिशवीत घातलं. फडफडली पण नाय! पिशवीच्या तोंडातून माझ्याकडे टक लावून बघत होती. वेशीवर सोडलं, लिंबू ठेवलं आणि मागं न बघता घर गाठलं.

संध्याकाळी शेजारच्या पोपटनं डबा दिला. झणझणीत रस्सा! ओटीवरच जेवायला बसलो. आजारपणानंतर रंभा पहिल्यांदाच पोटभर जेवली. मला कोण आनंद! ती भात आणायला आत गेली तेवढ्यात पोपट भिंतीवरून म्हणाला, "कसा झालाय जनूभाऊ? फुकटची हाय! वेशीवर सापडली. नखं काय सोनेरी होती!"

मी हातातला घास ताटात ठेवला. उतारा रंभाच्या पोटात गेला होता!

रंभा भात घेऊन आली. "अहो, माझ्या कोंबडीला दाणे टाकलेत का?"

"तुझ्या?"

"काल दुपारी आई देऊन गेली. तुम्ही नको म्हणालात, म्हणून गुपचूप तुमच्या सातांत सोडली. आईकडच्या गणपतीच्या कारखान्यात वाढल्येय ती, मूर्तीसारखी बसून राहते. लाल रंगात डोकं घातलंन, सोनेरीत पाय!"

रंग! उतारा नाय, नुसता रंग! माझा जीव भांड्यात पडला. पडला आणि तिथंच गार झाला.

"उद्या आई येत्येय तिला बघायला," तंगडी चोखत रंभा म्हणाली. "खुराड्यात दिसली नाय. कुठाय हो ती?"

मी तिच्या ताटाकडे बघितलं.

"जवळच हाय," म्हटलं.