साथीला दिगूकाका

आमच्या ग्वाल्हेरच्या थाटीपुरात कोणाकडे कार्य असलं की लोक आधी माइक लपवतात. कारण दिगूकाका. माझ्या मुलीच्या लग्नात मंडळी जेवायला बसली आणि काकांनी माइक धरला. श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्यापासून आभारांना सुरुवात. मग वेलदोडे सोलणाऱ्या मावश्या, टेंटवाले भैया, जनरेटरवाला. व्याही माझ्याकडे बघायला लागले. नवरानवरीचं नाव काही शेवटपर्यंत आलं नाही. विचारलं तर म्हणाले, "त्यांचं पत्रिकेत छापलंय ना!"

काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. पेटी वाजवायचे. बाबूराव गाणार आणि हे साथीला, ही जोडी सगळ्या ग्वाल्हेरला ठाऊक. म्हणजे बाबूराव ठाऊक. एका कार्यक्रमात बाबूरावांनी तबलेवाल्याचे आभार मानले, पडदा ओढणाऱ्याचे मानले आणि यांचं नाव तेवढं राहिलं. काका पेटी उचलून घरी आले, ते आजतागायत त्यांच्याशी बोललेले नाहीत. "स्टेजवरून एकदा माझं नाव घे म्हणावं, बस. मग मेलो तरी चालेल." हे मी पोहे खाताना ऐकलंय, पाणी भरताना ऐकलंय, सासूबाईंच्या तेराव्यालासुद्धा ऐकलंय. जीव नको केलाय या माणसाने!

गेल्या महिन्यात सिटी सेंटरच्या एका हॉलमध्ये बाबूरावांचा सत्कार ठरला. "मला काय त्याचं? भाड़ में जाए," काका म्हणाले. आणि रविवारी सकाळी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून माझ्या दारात हजर. "चल, तुला एकटीला ऑटो मिळायचा नाही."

बाबूराव फारच थकलेत हो. दोघांनी धरून बसवलं. गायला लागले आणि वरच्या सुरांकडे जाता जाता मधेच दम तुटला. नवा पेटीवाला हात थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. माझ्या शेजारी काकांची बोटं मात्र खुर्चीच्या हातावर भराभर चालत होती.

मग बाबूराव बोलायला उभे राहिले. गुरुजी, आईवडील, बायको, नवा पेटीवाला, हॉलचा चौकीदारसुद्धा. आणि बसले. झालं.

ऑटोत माझा संताप आवरेना. "काका, मी त्यांच्या घरी जाऊन तोंडावर विचारणार आहे. इतकी वर्षं तुम्ही वाजवलंत, त्याचं काहीच नाही?"

"त्याचा दम तेव्हाही तुटायचा," काका म्हणाले. "ऐन भरात होता तेव्हासुद्धा. वर गेला की हमखास. मी आधीच ओळखून तेवढी जागा पेटीने भरून काढायचो. लोक म्हणायचे, काय दमसास आहे!"

"मग हे त्यांना सांगायचं होतं ना!"

"अगं, सांगितलं असतं तर घाबरला असता. पुन्हा कधी वर गेलाच नसता."

"म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं?"

"आज कळलं असेल," काका म्हणाले. "कळायला नको होतं गं." आणि भर रस्त्यात, त्या ऑटोवाल्यासमोर, तोंडावर रुमाल धरून रडायला लागले.