पद्माकरकाकांचं संकेतस्थळ

"माणूस कसाही असू दे, सात दिवसांत त्याची वेबसाइट उभी करतो. आणि वेबसाइटवर तो देखणाच दिसतो!" हृषीकेशचं हे वाक्य तेव्हा मेलबर्नच्या वेरिबी उपनगरातल्या यच्चयावत मराठी मंडळींना पाठ झालं होतं.

दोन हजार वीसचा ऑगस्ट. मेलबर्न कुलूपबंद. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, आणि पाय मोकळे करायला दिवसातून एकच तास! प्रदर्शनं भरवणाऱ्या कंपनीतली हृषीकेशची नोकरी प्रदर्शनांबरोबरच गेली होती, आणि गडी वॉशिंग मशीनशेजारी टेबल टाकून एकेकट्या माणसांच्या वेबसाइटी बनवत बसला होता. एक तबलावाले, एक योगावाल्या बाई, कुत्र्यांना शिस्त लावणारे एक गृहस्थ. सगळे खूश! कुत्र्यांचं माहीत नाही.

अशात एका सकाळी पद्माकरकाकांचा फोन आला. काका म्हणजे साताऱ्याच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून बायकोसह लेकीकडे, मेलबर्नच्याच दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीला आले, आणि विमानंच बंद झाली.

"आमच्या लग्नाला या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पन्नास वर्षं होतात," काका कुजबुजत म्हणाले. ते परसात कपड्यांच्या दोरीमागे उभे होते. "दुकानं बंद आहेत. विनिताला द्यायला माझ्याकडे काही नाही. पण मी सातारा काढतोय, आठवून आठवून. आमच्या वेळचा. ती चित्रं तू मांडायची."

"नो वरीज काका! मस्त वेबसाइट करू."

"संकेतस्थळ म्हण. इंग्रजी शब्द माझ्या दातात अडकतात. आणि विनिताला कळता कामा नये. दीप्तीलाही नाही, लेकीच्या पोटात काही राहत नाही!"

झालं! होम पेजचं झालं मुखपृष्ठ, लिंकचा झाला दुवा. साइट ज्या कंपनीच्या मशीनवर राहते तो होस्ट, त्याला काकांनी नाव दिलं यजमान. हृषीकेशला आधी हसू यायचं. मग तोही तसंच बोलायला लागला, आणि त्यातच सगळं फिसकटलं.

काका रोज दोन-तीन चित्रं फोटो काढून पाठवायचे. मोती चौकातलं पेढ्यांचं दुकान. सायकलमध्ये हवा भरणारा म्हातारा, त्याच्या पंपाला गुंडाळलेलं लाल फडकं. पाटी उलटी टांगलेला न्हावी. हृषीकेश मूळचा पुण्याचा, साताऱ्यात तो फक्त एसटी बदलायला उतरलेला. पण त्या लाल फडक्याचा रंग ठीक करता करता त्याला वाटलं, हा पंपवाला आपल्याही गल्लीत होता. आईबाबांना भेटून दोन वर्षं होत आली होती. वॉशिंग मशीन धडधडत होतं आणि त्याला खरोखर रडू आलं. मग त्याने नाक पुसलं आणि न्हाव्याला थोडं डावीकडे सरकवलं.

आता विनिताकाकूंविषयी. काकू संस्कृतच्या बाई, तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. वेबसाइटला त्या वेबसाइटच म्हणत. आणि संकेतस्थळ म्हणजे? जुन्या काव्यांत प्रेमिक चोरून भेटतात ती जागा! दुसरा अर्थ त्यांच्या कानावरून कधी गेलाच नव्हता.

परसातली कुजबुज त्यांनी दोनदा ऐकली. "संकेतस्थळ कुठवर आलं?" आणि "विनिताला संशय नाही ना यायचा?" काकूंनी मनाला समजावलं. पन्नास वर्षांचा संसार, उगाच कशाला बोला!

मग मंगळवारी काका आंघोळीला गेले असताना ओट्यावर त्यांचा फोन वाजला. बहिणीचा निरोप असेल म्हणून काकूंनी बटण दाबलं, आणि स्वयंपाकघरात हृषीकेशचा खणखणीत आवाज घुमला. "काका, संकेतस्थळ तयार आहे! पण यजमान बदलावा लागणार. सध्याचा फारच स्लो आहे, मधूनमधून बंदच पडतो. दुवा पाठवलाय, बघून घ्या!"

काकूंनी दुवा दाबला. हृषीकेशने आपल्याकडे मांडून ठेवलेली चित्रं अजून साइटवर चढवली नव्हती, पानाचा विकत घेतलेला तयार नमुना तसाच होता. लाल झग्यातली एक सोनेरी केसांची बाई हसत उभी, आणि खाली इंग्रजीत, 'मी जेसिका. चला, भेटू या!'

म्हणजे संकेतस्थळ तयार, बाई तयार, आणि बाईला एक स्लो यजमानही आहे, तो बदलायचा! त्या जागी कोण येणार, हे सांगायला संस्कृतच्या बाई कशाला हव्यात?

त्या दिवसापासून काकांचा दुसरा चहा बंद झाला. एक तासाच्या फेरीला काकू बरोबर यायला लागल्या, पण दीड मीटर मागून. काकांना वाटलं, किती नियम पाळते ही!

गुरुवारी काकूंनी हृषीकेशलाच फोन लावला.

"ती जेसिका कोण रे?"

हृषीकेश खुर्चीतून ताडकन उठला. काकूंना साइट दिसली! पण शब्द दिला होता. "ती होय? काही नाही हो काकू, नुसती जागा भरायला ठेवलीय. तिला काढून तिथं तुम्हालाच आणायचंय!"

"मला? तिच्या जागी?"

"शनिवारपर्यंत थांबा ना, प्लीज. शनिवारी सगळं लाईव्ह जाणार."

"लाईव्ह म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना दिसणार! साताऱ्याला, पुण्याला, अमेरिकेतल्या नातेवाइकांनाही. काकांनी यादीच दिलीय मला!"

फोन बंद झाला. हृषीकेशला वाटलं, बरं निभावलं!

शुक्रवारी सकाळी दीप्तीचा फोन आला. "तू बाबांना कसल्या नादाला लावलंयस? आई एकटीच इंडियाला चाललीय! सरकारच्या स्पेशल फ्लाइटचा फॉर्म भरलाय तिने. सीट एक. मी म्हटलं बाबा, तर म्हणते, त्यांची सोय झालीय इथे!"

जेसिकाचं कोडं आता कुठे हृषीकेशला उलगडलं. सात दिवसांत वेबसाइट उभी करणाऱ्याने पन्नास वर्षांचं घर तीन दिवसांत आडवं केलं होतं! त्याने संकेतस्थळापासून यजमानापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. पलीकडे दीप्ती एवढी हसली की तिला उचकी लागली.

"आईला आत्ताच सांग ना," तो काकुळतीने म्हणाला.

"नाही! बाबा महिनाभर इथल्या ऑगस्टच्या थंडीत दोरीमागे उभे राहिलेत. एक दिवस उरलाय. फॉर्म पाठवायचं बटण आईला सापडत नाहीये, मी सांगितलंय नेट डाऊन आहे. तिला उद्या झूमसमोर बसवते. पण ती उठून गेली ना हृषी, तर तुझं काही खरं नाही."

शनिवारी दुपारी झूमवर एकतीस चौकटी जमल्या. काका कोट घालून बसले होते. काकू शेजारी, पण खुर्ची दीड मीटर लांब. हृषीकेशने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

साइट उघडायला जीव काढणारा वेळ लागला. यजमान खरंच स्लो होता! अखेर एक चिंचेचं झाड उतरलं. खाली दगडी पार, पाराला टेकवलेली सायकल, समोर नगर वाचनालयाची पायरी. वर काकांच्या वळणदार अक्षरात, 'संकेतस्थळ. विनितासाठी.'

"वेबसाइट गं आई," दीप्ती हळूच म्हणाली. "मराठीत वेबसाइटला तेच म्हणतात."

काकूंचा चेहरा निवळला. त्यांनी खुर्ची एक वीतभर सरकवली. मग चष्मा लावून स्क्रीनजवळ गेल्या, आणि एकदम ताठ झाल्या.

"अहो! आपण भेटायचो वाचनालयाच्या मागच्या जिन्यात. या चिंचेखाली मी आयुष्यात आले नाही! इथं कोण भेटायचं तुम्हाला?"

बाकीच्या चौकटींतली डोकी स्क्रीनकडे सरकली. अमेरिकेतल्या एका भाच्याने तर घास तोंडातच धरून ठेवला. हृषीकेशने डोळे मिटून घेतले.

"कुणीच नाही," काका म्हणाले. "तू रोज पावणेसहाला पुस्तक बदलायला यायचीस. जिना पुढे आला गं. त्याआधी आठ महिने मी या चिंचेखाली सायकलची चेन बसवत उभा असायचो."

"आठ महिने? रोज चेन पडायची?"

"एकदाही पडली नाही. मीच पाडायचो."

काकूंनी स्क्रीनवरच्या त्या सायकलवर बोट ठेवलं. "तरीच," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी माझ्या हातातलं पुस्तक घेतलंत, तेव्हा पानापानावर काळे ठसे उमटले होते. वाचनालयातल्या बाईंची बोलणी मी खाल्ली!" मग त्यांनी खुर्ची उचलली आणि काकांच्या खुर्चीला खेटून ठेवली. पाटी उलटी टांगणाऱ्या न्हाव्यापर्यंत पोचेपर्यंत दोघं इतकी भांडली, इतकी हसली, की झूमवर बाकीच्या तीस चौकटी आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. फॉर्म कुठे गेला हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

रविवारी हृषीकेशने संपर्काच्या पानावर आलेले निरोप उघडले. कौतुकाची पन्नासेक पत्रं तरी असतील असा त्याचा अंदाज! होता एकच.

'पद्माकर यांस. आज पावणेसहा, कोपऱ्यावरच्या निलगिरीखाली. चेन पाडू नये. येताना दूध आणावे. चि. हृषीकेश यास, यजमान मुळीच बदलू नये. स्लो असला तरी मला तोच हवा. विनिता.'

हृषीकेशने दुसऱ्या कंपनीकडे केलेली मागणी निमूटपणे रद्द केली. त्याच्या सगळ्या साइटी क्षणात उघडतात, ही एक सोडून. आणि कुणी केलेलं काम दाखव म्हटलंच, तर तो दुसरीच एखादी दाखवतो.