अण्णा परबांची सही

आमच्या घोडपदेवच्या चाळीतून बाहेर पडायला पासपोर्ट लागत नसे, पण अण्णा परब लागत. जिन्याच्या तोंडाशी त्यांची खोली आणि दारात स्टूल टाकून बसलेले स्वतः अण्णा. "खंय चललंस?" हा पहिला प्रश्न. मग "कोणाबरोबर? कधी येतलंस?" उत्तर मिळालं की आपल्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळून मोठ्याने म्हणत, "निळो शर्ट, काळी पँट, डाव्या चपलेचो अंगठो शिवलेलो. जा." कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही यातून सुटत नसे. माझ्या लग्नाच्या दिवशी मी फेटा बांधून निघालो, तेव्हाही त्यांनी अडवलंच.

"लग्न करून येतो, अण्णा."

"ता कळला रे. किती वाजता?"

याचं कारण चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी अण्णांचा धाकटा भाऊ सुधीर ऑफिसातल्या चार मित्रांबरोबर सह्याद्रीतल्या एका रानात फिरायला गेला. वाटेत म्हणाला, "बुटाची नाडी बांधतो, तुम्ही व्हा पुढे." मित्र पुढच्या वळणावर थांबले. सुधीर आलाच नाही. अकरा दिवस पोलीस आणि गावकरी शोधत राहिले. बॅग नाही, बूट नाही, काहीच नाही. पोलिसांनी अण्णांना विचारलं, "घरून निघताना शर्ट कुठल्या रंगाचा होता?" एकाच खोलीत राहणाऱ्या सख्ख्या भावाला ते सांगता आलं नाही.

चाळीला मात्र सगळंच सांगता येत होतं. तळमजल्याच्या मते त्याला रानातल्या देवचाराने, म्हणजे भुताने, नेला. पहिल्या मजल्याच्या मते बिबट्याने. दुसऱ्या मजल्यावर शिकलेली माणसं. त्यांनी गोव्यात त्याचं लग्न लावून दिलं, पुढे दोन मुलंही झाली. अण्णा हे ऐकून घेत आणि वर्षातून एकदा पिशवी घेऊन एकटेच त्या रानात जाऊन येत.

मग चाळीचा पुनर्विकास आला. बिल्डरच्या संमतीपत्रावर लोकांनी अशा काही घाईने सह्या केल्या की जणू दुसऱ्या दिवशीच बाल्कनी हातात मिळणार होती. अण्णांनी केली नाही. "विचार करून सांगतो," असं म्हणत आठ महिने काढले.

म्हातारा जास्त जागा मागतोय, हे चाळीने लगेच ओळखलं. इतक्या वर्षांत ज्यांनी त्यांना कधी चहा विचारला नव्हता, त्यांच्या घरून खरवस येऊ लागला. खरवसाने काम होईना, तेव्हा टोमणे आले. शेवटी मला पाठवण्यात आलं, कारण मी वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं लिहितो, म्हणजे मला बोलता येत असणार. मीही गेलो. मला घरातल्या घरात संडास हवा होता. माझा हेतू काही इतरांपेक्षा उदात्त नव्हता.

"अण्णा, तुम्हाला हवंय काय? स्पष्ट सांगा."

"काय नको रे."

"मग सही का अडवलीत?"

अण्णांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. "तो आला तर खंय येतलो?"

"कोण?"

"सुधीर. त्याला हाच पत्ता ठाऊक. इथे चाळीच्या जागी नुसते कुंपणाचे पत्रे दिसले तर विचारेल कोणाला? तुम्ही सगळे पांगलेले."

मी घरून पाठ करून आणलेलं भाषण गिळलं. एकोणीस वर्षांनी कुणी रानातून परत येत नसतं, हे वाक्यही त्यात होतं. "त्या पत्र्यावर तुमचा नवा पत्ता लिहू की," मी म्हणालो. विषय संपवावा म्हणूनच म्हणालो. "चांगला मोठ्या अक्षरांत."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सही केली. चाळीने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. अण्णांना बोलवायचं राहून गेलं.

चाळ पाडल्यावर एका रविवारी सकाळी अण्णांनी मला तिथे बोलावून घेतलं. निळ्या पत्र्यापुढे ते लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन उभे होते. पत्र्यावर लिहून झालं होतं: 'सुधीर, चाळ पाडली. मी रागावलेलो नाही. दादा.' त्याखाली संक्रमण शिबिरातल्या खोलीचा पत्ता.

"रागावलेलो नाही म्हणजे काय, अण्णा?"

त्यांनी ब्रश डब्यात टेकवला. "त्या सकाळी भांडण झाला आमचा. आईचं वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं आणि हा चालला रानात फिरायला. मी पेपरातून डोकंपण वर काढलं नाही. म्हटलं, जा, परत येऊच नको."

एकोणीस वर्षं हे चाळीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या माहितगार चाळीला!

"तुझो मोबाइल नंबर घालू काय खाली?" अण्णा म्हणाले. "माका फोनवर ऐकू येत नाय नीट."

मी नंबर सांगितला. तेव्हापासून फोन येतात. खोली भाड्याने आहे का, डिपॉझिट किती, मांसाहार चालेल का. पत्र्यावर नंबर म्हणजे तो दलालाचाच, अशी लोकांची खात्री. पहिले काही दिवस मी खेकसत असे.

मागच्या आठवड्यात दुपारी एक फोन आला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता वाऱ्यासारखा आवाज. बायको म्हणाली, "रेंज नसेल, ठेवा की." मी फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेलो. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणालो, "दादा रागावलेले नाहीत."